आधी रिफिल, मग लाकूड

लाकडाचं पेन कुणाच्याही हातात द्या, तो माणूस आधी लिहीत नाही. आधी अंगठा वर जातो आणि टक्. मग पुन्हा टक्. असं चारदा झालं की मग कुठे खिशातली पावती उलटी करून तिच्यावर एक रेघ ओढली जाते. शिसवाच्या रेषा, घासून आणलेली झिलई, क्लिपची चकाकी, हे सगळं नंतरचं. त्या चार टकटकींत आणि त्या एका रेघेत पेनाचा निकाल लागून गेलेला असतो. गंमत अशी, की या दोन्हींत लाकडाचा काहीच हात नाही. टक् किटाची, म्हणजे क्लिकची यंत्रणा, क्लिप, नळी अशा तयार सुट्या भागांच्या संचाची, आणि रेघ रिफिलीची.

तरी हाताने पेन घडवायला बसणारे बहुतेक जण सुरुवात लाकडापासूनच करतात. जुन्या चौकटीचा सागवानी तुकडा सापडतो, मोडक्या गाडीच्या जुवातलं बाभळीचं लाकूड हाती लागतं, आणि मन तिथेच अडकतं. मग चित्रात आवडलेलं किट मागवायचं, आणि रिफिल? ती किटात फुकट येते तीच. फुकट आलेली ती रिफिल बहुतेक वेळा किटातला सगळ्यांत हलका माल असतो. चार दिवस कपाटात पडली की पहिली दोन अक्षरं कोरी उमटतात, आणि पेन घेणारा म्हणतो, 'दिसायला छान आहे हो.' या वाक्याचा अर्थ ज्याला कळतो तो पुढच्या वेळी क्रम उलटा धरतो: आधी रिफिल, मग ती जिच्यात बसेल ते किट, आणि लाकूड सगळ्यांत शेवटी.

रिफिल निवडताना पहिला प्रश्न गुळगुळीतपणाचा नाही. पहिला प्रश्न असा, की ही संपली की चोपड्याच्या, शिरपूरच्या किंवा शहाद्याच्या स्टेशनरी दुकानात दुसरी मिळेल का? हाताने केलेलं पेन नीट वापरलं तर वीस वर्षं टिकतं. रिफिल रोजच्या लिखाणात काही महिन्यांत संपते. दुसरी मिळाली नाही, तर ते पेन देवघरातल्या पितळी भांड्यासारखं पुसून ठेवण्यापुरतंच उरतं. आपल्याकडच्या दुकानदाराला 'जॉटरची रिफिल' म्हटलेलं कळतं. जाड, धातूची, पार्करच्या पेनात बसते ती. पार्करचं जॉटर १९५४ साली आलं आणि त्या रिफिलीचा आकार पुढे इतक्या कंपन्यांनी उचलला, की आज तो जगभर चालणारा साचा झाला आहे. लांबी साधारण ९८ मिलीमीटर, जाडी जिथे जास्त तिथे ६ मिलीमीटरच्या आसपास. क्लिकचं किट घ्यायचं तर याच मापाचं घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. बाकीची किटं वाईट असतात असं नाही, पण त्यांची रिफिल धुंडाळण्याचं काम आपण दुसऱ्याच्या गळ्यात बांधतो.

इथे नावाचा एक घोळ आहे आणि तो पैसे बुडवणारा आहे. मानकाच्या भाषेत या पार्कर-मापाच्या आकाराला 'जी२' म्हणतात. पायलट कंपनीच्या एका लोकप्रिय जेल पेनाचं नावही 'जी२'च. त्या पेनाची रिफिल मात्र ११० मिलीमीटरच्या आसपास लांब, प्लास्टिकची, आणि पुढचा आकार वेगळा. 'जी२ रिफिल' एवढंच लिहून ऑर्डर दिली तर दोन्हींपैकी काहीही घरी येऊ शकतं. किटाच्या वर्णनात 'पार्कर पद्धतीची' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच पुढे जावं. तिसरा प्रकार क्रॉस पद्धतीचा: बारीक, लांब, मागच्या टोकाला आटे असलेला. तो पिळून उघडणाऱ्या सडपातळ किटांत फिरवून बसवतात. पार्कर-मापाच्या क्लिक किटात तो चालत नाही, कितीही खटपट केली तरी.

माप ठरलं की शाईकडे वळायचं, आणि शाई ठरवताना कागद आधी बघायचा. खान्देशात पेन चालतं कुठे? आडतीवर हिशोबपट्टी करताना, जिनिंगच्या दारात कापसाची काटापट्टी लिहिताना, खत-बियाण्याच्या दुकानात कार्बन घातलेल्या पावतीबुकावर. कार्बनखाली दोन प्रती उमटवायच्या तर दाब लागतो, आणि दाब सोसते ती बॉलपॉइंटची घट्ट, तेलकट शाई. टोकात १.० किंवा ०.७ मिलीमीटरची गोळी इथे योग्य. जेलची रिफिल हलक्या हाताची असते. तिच्यावर जोर दिला की बारीक टोकाची गोळी कागदात रुतते, शाई तुटक येते आणि खालची प्रत कोरीच राहते. आडत्याला जेलचं पेन भेट देणं म्हणजे बैलाला घुंगरू बांधून नांगराला न जुंपणं. दिसतं छान, काम होत नाही.

डॉक्टर, शिक्षक, वकील यांचं वेगळं. सुट्या चांगल्या कागदावर दिवसभर लिहायचं असेल तर पातळ तेलशाईची रिफिल उत्तम. युनी कंपनीची जेटस्ट्रीम शाई पार्कर-मापात 'एसएक्सआर-६००' या नावाने मिळते. दाब न देता काळी रेघ उमटते आणि लगेच सुकते, त्यामुळे डावखुऱ्या माणसाच्या हाताला शाई लागत नाही. श्मिट या जर्मन कंपनीची 'पी ९००' बॉलपॉइंट आणि 'ईझीफ्लो ९०००' याही भरवशाच्या. त्याच कंपनीची 'पी ८१२६' ही झाकण न लागणारी रोलरबॉल आहे. पाण्यासारखी शाई, फाउंटन पेनाच्या जवळ जाणारा ओघ. पण शाळकरी वहीच्या पातळ कागदावर तीच शाई पसरते आणि मागच्या पानावर उतरते. सही करण्यापुरतं पेन असेल तर ती घ्या, रोजनिशीसाठी कागद तपासून घ्या. जळगाव-धुळ्यात या परदेशी रिफिली सहसा मागवाव्याच लागतात. म्हणून पेनात हवी ती घालावी, पण किट असं असावं की अडल्यावेळी साधी जॉटरची रिफिलही त्यात बसेल.

आता उन्हाचं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि बंद गाडीच्या काचेखाली त्याहून कितीतरी जास्त. उष्णतेने तेलशाई पातळ होते. टोक खाली करून खिशात लावलेल्या पेनातून ती गोळीभोवती झिरपते आणि पहिल्या अक्षराला डाग पडतो. हा रिफिलीचा दोष कमी, तापमानाचा जास्त. जेलचं दुखणं वेगळं. तिच्या शाईत पाणी असतं आणि शाईच्या मागे ग्रीसची एक छोटी गोळी असते, ती शाई पुढे सरकेल तशी मागोमाग येते. पेन बरेच दिवस उघड्या टोकाने कोरड्या हवेत पडलं तर टोकाशी शाई वाळते. म्हणून क्लिकच्या पेनात जेल घालायचीच असेल, तर वापर झाल्यावर टोक आत घ्यायची सवय असलेल्या माणसालाच द्यावी. शेतात, ट्रॅक्टरवर, उन्हातान्हात फिरणाऱ्यासाठी फिशरची दाबाची रिफिल हा खर्चिक पण पक्का उपाय. तिच्यात नायट्रोजन वायूचा दाब भरलेला असतो, त्यामुळे ती उलटी धरली तरी लिहिते. १९६८ च्या अपोलो ७ मोहिमेत हीच जात अंतराळात गेली होती. एक मात्र विसरू नये: ती पार्कर-मापाच्या पेनात बसवताना तिच्या शेपटीला सोबत येणारी छोटी प्लास्टिकची टोपी लावावी लागते. ती टोपी लोक वेष्टनाबरोबर फेकून देतात आणि मग टोक बाहेर येत नाही म्हणून किटाला शिव्या घालतात.

किट निवडताना मी आधी सोनेरी-चंदेरी बघणार नाही, आधी क्लिकची यंत्रणा बघेन. आत काय घडतं ते समजलं की पारख सोपी होते. वरच्या बटणाला खालून दाते असतात. त्यांच्याखाली एक छोटा फिरता तुकडा असतो, त्यालाही तिरके दाते. भोवतीच्या नळीत उभ्या खाचा, एक खोल, एक उथळ, अशा आलटूनपालटून. बटण दाबलं की तुकडा खाचेतून सुटतो, तिरक्या दातांमुळे थोडा वळतो आणि पुढच्या खाचेत जाऊन बसतो. उथळ खाच मिळाली तर टोक बाहेर, खोल मिळाली तर आत. त्या तुकड्याला सतत वर रेटत ठेवणारी एकच गोष्ट: पुढे नोजलमध्ये, म्हणजे टोक जिथून बाहेर येतं त्या तोंडात, बसलेली स्प्रिंग, ती रिफिलीमार्फत रेटते. म्हणजे क्लिक ही तीन जणांची भागीदारी आहे. यंत्रणा, रिफिल आणि स्प्रिंग. एकाने हात आखडता घेतला की धंदा बसला.

म्हणून हातात किट आलं की पुढची गोष्ट करावी. यंत्रणा सुटी धरून, रिफिल मागून टेकवून वीस-पंचवीस वेळा दाबावी. प्रत्येक वेळी सारखा आवाज येतो का? मध्येच एखादी टक् दबकी वाटते का? दाते प्लास्टिकचे असतील तर त्यांच्या कडा भिंगाखाली बघाव्यात. गोलसर झालेल्या किंवा फुगवट्याच्या कडा म्हणजे साच्याचा दोष, वर्षभरात क्लिक घसरणार. नळीला यंत्रणा आट्यांनी बसते की दाबून, हेही महत्त्वाचं. आट्यांची असेल तर बिघडल्यावर बदलता येते. दाबून बसवलेली काढताना लाकूड फुटायचा धोका. श्मिटची 'एसकेएम ८८' नावाची सुटी क्लिक यंत्रणा मिळते, ती आट्यांची आहे आणि बिनकिटाचं पेन करणारे तिच्यावर विसंबतात. ज्याला स्वतःच्या मापाने पेन घडवायचं आहे त्याने पुढेमागे तिथेच जावं. पहिल्या पाच-दहा पेनांसाठी मात्र तयार किटच बरं.

रिफिल बदलायची वाट कुठून आहे, हेही विकत घेतानाच बघावं. पुढचं नोजल आट्यांनी उघडत असेल तर उत्तम. आटे धातूवर धातू असावेत. धातूचा आटा प्लास्टिकच्या आट्यात फिरत असेल तर दहा वेळा उघडल्यावर तो सैल होतो.

मुलाम्याबद्दल थोडंच. जळगावच्या सराफा बाजारात सोनं पारखणारा माणूससुद्धा किटाच्या सोनेरी मुलाम्याला फसतो, कारण तो सोन्याचा असला तरी कागदाहूनही पातळ असतो. इथल्या घामाच्या बोटांत तो नोजलपासून उतरायला लागतो आणि खालचं पितळ दिसतं. क्रोम टिकतो. गनमेटलचा काळसर रंगही बरा, फक्त क्लिपच्या वळणावर आधी घासला जातो. सोनेरीच हवं असेल तर टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा मागावा. बाकी रंगांवर वाद घालण्यात वेळ घालवू नये.

किट आलं, रिफिल ठरली. आता कुठे लाकडाची पाळी. लाकडात भोक पाडून जी आत चिकटवायची ती किटातली पितळी नळी बाहेर काढून तिची लांबी आणि बाहेरची जाडी व्हर्नियरने मोजून पाकिटावर लिहून ठेवावी. इथे केलेला एक मिनिटाचा आळस पुढे पेन घेऊन जातो. अमेरिकी किटांच्या सूचनांत भोक पाडायच्या बिटाचं माप इंचात असतं, ३/८ इंच किंवा २७/६४ इंच. ३/८ म्हणजे ९.५ मिलीमीटर, तो बिट कुठल्याही हार्डवेअर दुकानात मिळतो. २७/६४ म्हणजे १०.७, आणि तालुक्याच्या दुकानात १०.५ नंतर एकदम ११ हातात ठेवतात. अशा वेळी सूचनेला चिकटू नका, नळीला चिकटा. नळीपेक्षा ०.१ ते ०.२ मिलीमीटर मोठं भोक हवं. थोडं जास्त झालं तर पातळ सुपरग्लूऐवजी जाड एपॉक्सी वापरावा, तो पोकळी भरून काढतो. कमी पडलं तर नळी ठोकून घालायचा मोह आवरावा. लाकूड आज फुटलं नाही तर वैशाखात फुटेल.

सातपुड्याच्या पायथ्याला लाकडाची वाण नाही, पण जंगलात कुऱ्हाड घेऊन जायची गरजही नाही. सॉ मिलच्या ढिगात, फर्निचरवाल्याच्या कचऱ्यात, जुन्या दारांच्या चौकटींत पेनाला पुरेल एवढं लाकूड कायम पडलेलं असतं. १९-२० मिलीमीटर जाडीचा चौकोनी ठोकळा, नळीपेक्षा लांबीला ५ मिलीमीटर जास्त, एवढंच तर लागतं. जुन्या लाकडावरून आधी चुंबक फिरवावा. आत मोडलेला खिळा निघाला तर बिट तर जातोच, वर ठोकळाही हातातून उडतो.

सागवान कापायला सरळ, पण त्याच्या अंगात तेल असतं. चिकटवण्याआधी भोकाच्या आतून आणि झिलई देण्याआधी बाहेरून अॅसिटोनने पुसलं नाही, तर झिलईसाठी दिलेला सुपरग्लूचा थर पापडासारखा सुटून येतो. अंजन हे आपल्याकडचं सगळ्यांत हट्टी लाकूड. लोखंडासारखं जड, गडद, झिलईला अप्रतिम, आणि भोक पाडताना बिट तापवून सोडणारं. दर ५ मिलीमीटरला बिट बाहेर काढून भुसा झाडावा, वेग कमी ठेवावा, घाई करू नये. तापलेल्या बिटाने आतून बारीक तडे जातात आणि ते झिलई झाल्यावरच दिसतात. दुसऱ्या बाजूने बिट बाहेर पडताना कड फुटते, म्हणून ठोकळा लांब ठेवावा, भोक आरपार नेऊ नये, आणि शेवटचा बंद तुकडा करवतीने कापून टाकावा. हळदूचं पिवळं, बारीक पोताचं लाकूड नवशिक्याला सर्वांत माफ करणारं. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि दाणे काढलेली मक्याची बुरकुंडंही लोक वापरतात. त्यांना स्वतःची ताकद नसते, पूर्ण वाळवून रेझिनमध्ये ओतल्याशिवाय हात लावू नये. जरा ओल राहिली तर रेझिनमध्ये फेस येतो आणि ठोकळा आतून स्पंजासारखा निघतो. कापसाच्या मुलखात पऱ्हाटीचं पेन ही कल्पना मला मात्र फार आवडते.

ओल हा खान्देशातला खरा शत्रू. खरं तर ओलीचा अभाव. कानबाईच्या सुमाराला, श्रावणात, कापलेलं लाकूड फुगलेलं असतं. तेच पेन वैशाखात गेलं की लाकूड आकसतं, आतली पितळी नळी आकसत नाही, उलट तापून किंचित फुगते. मग उभी चीर. उपाय कंटाळवाणा आहे: ठोकळे कापून माळ्यावर ठेवायचे, आठवड्यातून एकदा किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर वजन करायचं, आणि सलग तीन आठवडे वजन बदललं नाही की मगच भोक पाडायचं. सुपरग्लूसुद्धा हवेतल्या ओलाव्यावरच सुकतो. आषाढात तो पटकन सुकतो पण पांढरट धुकं सोडतो, वैशाखात रेंगाळतो. थर पातळ द्यावेत, आठ-दहा, आणि दोन थरांमध्ये थांबावं.

नळी चिकटवताना तिच्या दोन्ही तोंडांत कच्च्या बटाट्याची चकती रुतवावी. नळी बटाट्यावर दाबली की बूच आपोआप बसतं. ते नसेल तर गोंद आत शिरतो, सुकतो, आणि यंत्रणा बसवताना अडते. दाबलं की लाकडाला तडा. बाहेरून नळी पॉलिश पेपरने खरखरीत करून घ्यावी आणि गोल फिरवत आत सरकवावी, म्हणजे गोंद सगळीकडे पसरतो. बटाटा सुकायच्या आत काढून टाकावा, नाहीतर आतलं पितळ हिरवं पडतं.

आता ती जागा, जिथे सगळ्यांत जास्त क्लिकची पेनं बिघडतात. नळीच्या टोकाशी लाकूड समतल करताना ट्रिमर, म्हणजे ते कापणारं हत्यार, पितळेला टेकला, चकाकी दिसली, की थांबायचं. त्यापुढे नळीच छोटी होते. यंत्रणा वरून, नोजल खालून. मधली नळी १ मिलीमीटर छोटी झाली तर रिफिलीचं टोक १ मिलीमीटर जास्त पुढे येतं, बाहेर असतानाही आणि आत असतानाही. आत घेतलेलं टोक नोजलच्या तोंडाशी डोकावत राहिलं की शर्टाच्या खिशावर निळा ठिपका पक्का. पाकिटावर लिहिलेली लांबी इथे कामाला येते. चूक झालीच, तर रिफिलीच्या प्लास्टिकच्या शेपटीला कानस लावून ती तेवढीच कमी करावी. काही रिफिलींना मागे हवेसाठी बारीक भोक असतं, ते बुजू देऊ नये. हा उपाय त्या एका रिफिलीपुरताच, हे लक्षात ठेवावं. नवी घातली की पुन्हा कानस. कायमचा इलाज म्हणजे क्लिपच्या कॉलरखाली, म्हणजे तिच्या कडीखाली, तांब्याची पातळ चकती. उलट टोक पुरेसं बाहेर येत नसेल, तर आधी लाकूड नीट खाली घासलं आहे का आणि भाग पूर्ण दाबून बसले आहेत का ते बघावं. बहुतेक वेळा तिथेच अर्धा मिलीमीटर लपलेला असतो.

भाग दाबून बसवायला महाग प्रेस नको. व्हाइसच्या जबड्यांना लाकडी पट्ट्या लावल्या की झालं. फक्त सरळ रेषेत. तिरकं गेलं की परत काढता येत नाही.

क्लिक होते पण टोक परत जात नाही: स्प्रिंग नोजलमध्ये अडकली आहे, वाकली आहे, किंवा रिफिलीचं टोक नोजलच्या भोकाला घासतं आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या टोकांची जाडी केसभर वेगळी असते. रोलरबॉलचं टोक जाड असलं की बॉलपॉइंटसाठी पाडलेल्या भोकात ते घट्ट होतं. नोजल रिफिलीवर नुसतं चढवून बघायला दहा सेकंदं लागतात, आणि हे पेन जोडण्याआधी करायचं. क्लिक जड लागते: स्प्रिंग लांब आहे. एका वेळी एकच वेटोळा कापून बघावं, दोन कापले तर परत येत नाही. लिहिताना टोक हलतं, खुळखुळतं: भोक मोठं आहे. रिफिलीला मध्यावर पारदर्शक टेपचा एक फेरा दिला की खुळखुळ थांबते. पण दोन फेरे दिले की रिफिल नळीत अडते आणि आपण पुन्हा 'टोक परत जात नाही' याच तक्रारीवर येतो.

पेन देताना डबीत एक जास्तीची रिफिल ठेवावी. सोबत स्प्रिंगही एक, कारण नोजल उघडताना पहिल्यांदा हरवते ती तीच, आणि फरशीवर पडली की सापडत नाही. चिठ्ठीवर मराठीत लिहावं: 'पार्कर-मापाची, जॉटरची रिफिल मागा. नोजल डावीकडे फिरवून उघडतं. स्प्रिंग रिफिलीच्या टोकावर, मागे नाही.'